एकोणऐंशी पॉइंट चार

कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात माझ्याआधी एकच माणूस होता आणि त्याला मी नको होते. हे त्याने पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. मी तेवीस वर्षांची, ठाण्याच्या एका क्लासमधून प्रोग्रॅमिंगचा कोर्स करून आलेली. तो पंचेचाळिशीचा, नौपाड्यात राहणारा, अतिशय शुद्ध बोलणारा. त्याने माझं सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी बघितलं, मला परत दिलं आणि म्हणाला, "स्थळ बघायला येतील त्यांना दाखवायला ठेवा."

तेव्हा मी त्यांना अहो-जाहो करायचे, साहेब म्हणायचे. आता लिहिताना ते होत नाही. तो म्हणूनच लिहिणार आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमचं घर डोंबिवली पूर्वेला आणि कारखाना औद्योगिक वसाहतीत, घरापासून चालत पंचवीस मिनिटांवर. कपड्यांच्या रंगात लागणारं एक रसायन तिथे बनायचं. संध्याकाळी घरी गेले की आई म्हणायची, आधी आंघोळ कर, मग स्वयंपाकघरात ये. केसांना वास यायचा. शेजारच्या मुली सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होत्या, आणि मला मात्र वाटत होतं की मी त्यांच्या दहा वर्षं पुढे आहे.

कारखान्यात दोन कॉम्प्युटर होते. एक मोठं मशीन, युनिक्सवर चालणारं, प्लांटच्या कंट्रोल रूमला लागून काचेच्या खोलीत. ते त्याचं. ज्या मोठ्या बंद भांड्यात रसायन शिजायचं त्याला रिॲक्टर म्हणत, आणि त्या रिॲक्टरचं तापमान दर मिनिटाला त्या मशीनमध्ये आपोआप नोंदलं जायचं. दुसरा कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसातला पीसी, डॉसवर चालणारा. तो माझा. त्याला तो "डबा" म्हणायचा. "डब्याला काय म्हणणं आहे आज?" असं रोज सकाळी विचारायचा, माझ्याकडे न बघता.

माझं काम असं होतं. त्याने रोज सकाळी आदल्या दिवशीच्या तीन पाळ्यांच्या तीन फाइली फ्लॉपीवर घालून द्यायच्या. मी त्या पीसीवर वाचायच्या, तापमानाचा ग्राफ काढायचा, प्रिंट करायचा आणि दहाच्या आत प्रॉडक्शन मॅनेजरच्या टेबलावर ठेवायचा. गिऱ्हाइकांना ग्राफ लागत होते.

मी त्याला विचारलं, "साहेब, फाइल कशी लिहिलीय त्याचा काही कागद आहे का?"

"कागद कशाला हवा? मिनिटाला एक आकडा आहे. तापमान गुणिले दहा. दोन बाइटमध्ये. याहून सोपं काय असतं?"

पहिला ग्राफ काढला तर रिॲक्टरचं तापमान आठशे एकोणीस अंश आलं. मला तो आकडा चुकीचा आहे हे कळायला हवं होतं. पण प्लांटमध्ये किती तापमान असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी तो प्रिंट तसाच टेबलावर ठेवला. प्रॉडक्शन मॅनेजरने मला प्लांटच्या मधोमध बोलावलं, फोरमन, फिटर, हेल्पर सगळे उभे असताना, आणि मोठ्याने म्हणाला, "मॅडम, आठशे एकोणीस डिग्री! हात लावून बघता का?" सगळे हसले. तोही काचेआडून हसला. ते मी बघितलं.

तीन आठवडे मी त्या आकड्यांशी झगडत होते. तीन आठवडे रोज सकाळी ग्राफ नाही आणि रोज सकाळी बोलणी. शेवटी एका दुपारी मी एका फाइलमधले सुटे सुटे बाइट कागदावर उतरवून काढले. बाइट म्हणजे फाइलमधलं एक घर समजा. त्यात दोनशे पंचावन्नपर्यंतचाच आकडा मावतो. त्याहून मोठा आकडा दोन घरांत ठेवावा लागतो: दोनशे छप्पन्न कितीदा, ते एका घरात, आणि उरलेलं दुसऱ्या घरात. माझ्या कागदावर तीन, बत्तीस, तीन, बत्तीस असं येत होतं. तीन गुणिले दोनशे छप्पन्न आणि वर बत्तीस म्हणजे आठशे. भागिले दहा, ऐंशी अंश. आणि उलट धरलं, बत्तीस आधी आणि तीन नंतर, तर आठशे एकोणीस पॉइंट पाच.

आपण पंचवीस म्हणताना आधी पाच बोलतो आणि लिहिताना आधी दोन लिहितो. तेवढंच होतं ते. त्याचं मोठं मशीन दोन घरांपैकी मोठा भाग आधी लिहायचं, माझा पीसी छोटा भाग आधी आहे असं समजून वाचायचा. प्रोग्रॅममध्ये दोन घरांची अदलाबदल केली आणि ग्राफ सुरळीत आला.

मी जवळजवळ पळतच त्याच्या खोलीत गेले. सांगितलं. त्याने घड्याळाकडे बघावं तसं कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाला, "तीन आठवडे लागले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मशीन माझं आहे."

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की या माणसाला पुन्हा काहीही विचारायचं नाही. आणि विचारलं नाही, हीच पुढच्या सगळ्याची सुरुवात.

ग्राफ रोज वेळेवर जायला लागले. मॅनेजर माझ्याशी बरा बोलायला लागला. मग महिन्याभरात एक गोष्ट दिसायला लागली. काही ग्राफ मध्येच तुटत. पाळी आठ तासांची, पण रेघ दोन तासांनी, कधी दीड तासाने संपायची आणि पुढे कागद कोरा. मला वाटलं, तिकडे नोंदच थांबली असणार. तरी एकदा जाता जाता त्याच्या कानावर घातलं, विचारलं नाही, नुसतं घातलं: "तुमचं रेकॉर्डिंग मध्ये मध्ये बंद पडतंय वाटतं."

तो म्हणाला, "माझ्या मशीनमध्ये काहीही बंद पडत नाही. तुमच्या डब्यात बघा."

डब्यात बघा. हे वाक्य खरं होतं. पण त्याने ते ज्या तोंडाने म्हटलं, ते ऐकून मी डब्यात सोडून बाकी सगळीकडे बघितलं.

मॅनेजरच्याही ते लक्षात आलं. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. पहिल्यांदाच. म्हणाला, "मॅडम, हे तुटलेले ग्राफ कोणाच्या पाळीत आहेत ते जरा काढा. ड्यूटी रजिस्टर घेऊन जा." मी घेऊन गेले. तुटलेले ग्राफ अकरा होते. त्यातले नऊ एकाच ऑपरेटरच्या पाळीतले निघाले. मी तक्ता केला, तारीख, पाळी, रेघ थांबल्याची वेळ, ऑपरेटरचं नाव, आणि खाली स्वतःची सही केली. इतका सुबक तक्ता मी त्याआधी केला नव्हता. समासाची रेघसुद्धा लाल पेनाने मारली होती.

तो ऑपरेटर पन्नाशीला आलेला, वसाहतीमागच्या खाडीकाठच्या गावातला कोळी. वडिलांची होडी होती, पण खाडीवर पोट भरेना म्हणून याने कारखाना धरलेला. वीस वर्षं रिॲक्टरवर. दर तासाला तापमान स्वतःच्या हाताने लॉगबुकात लिहायचा, कॉम्प्युटर आल्यानंतरही. आणि गेलं वर्षभर त्याच लॉगबुकात, जवळजवळ रोज, खाली लिहायचा: "तीन नंबरचा व्हॉल्व्ह गळतो. डोळे चुरचुरतात. कळवले आहे." मॅनेजरला त्या ओळी बघून काय व्हायचं ते अख्ख्या प्लांटला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं मी बरीच वर्षं सांगत आले. ते खरं नाही. मला ठाऊक होतं. फक्त ते आपल्या कामाचं नाही असं मी समजत होते.

माझ्या तक्त्यावरून मॅनेजरने गोष्ट जुळवली ती अशी: हा माणूस रेकॉर्डिंग बंद करतो, मागच्या भिंतीच्या भगदाडातून गावात जातो आणि परत आल्यावर लॉगबुकात आकडे मनाने भरतो. चौकशी सुरू झाली.

चौकशीच्या आदल्या दिवशी तो ऑपरेटर माझ्याकडे आला. एसीच्या खोलीत बूट काढून यायचा नियम होता. तो आत आलाच नाही. उंबऱ्याशी बूट घालून उभा राहिला, दार उघडं धरून, म्हणजे सगळी थंड हवा बाहेर.

"मॅडम, ती यादी तुमी केली?"

"हो."

"मला जाताना तुमी पायलंत?"

"नाही. पण तुमच्या पाळीत नऊ वेळा रेकॉर्डिंग थांबलंय."

"मी थांबवलं असं त्या फायलीत लिवलंय?"

"थांबलंय एवढं दिसतं."

"मग थांबलंय एवढंच लिवायचं. त्याच्या फुडं माजं नाव कोनी लिवलं?"

मी म्हणाले, "मशीन काही कोणाचं नाव बघून थांबत नाही." मला ते उत्तर फार चोख वाटलं. मी पुन्हा स्क्रीनकडे वळले. तो दार न लावता गेला. मला उठून लावावं लागलं आणि त्याचाही मला राग आला.

त्याला सस्पेंड केलं.

त्याची बायको डोंबिवलीच्या बाजारात मासे विकायला बसायची, हे मला माहीत नव्हतं. माझी आई मात्र तिच्याकडूनच दहा वर्षं मासे घेत होती. पुढच्या बुधवारी मी आईबरोबर बाजारात गेले होते, सुट्टी होती. आईने नेहमीसारखी बोंबलांच्या वाट्याला बोट लावलं. त्या बाईने आमच्याकडे बघितलं आणि वाटा उचलून मागे पाटीत टाकला.

"तुला म्हावरा नाय."

आईला वाटलं चेष्टा आहे. "अगं, काय झालं?"

"तुज्या पोरीला इचार. माज्या दादल्याला चोर केलान तुज्या पोरीन. कागदावर नाव लिवलान त्याचा. एसीत बसून." मग ती माझ्याकडे वळली आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "पायलंस काय गो तू त्याला जाताना? पायलंस?"

दोन्ही बाजूंच्या बायका थांबून बघत होत्या. आमच्या सोसायटीतली एक बाई पिशवी घेऊन उभी होती. मी आईचा हात ओढला. आम्ही तशाच घरी आलो. चप्पल काढता काढता तिने विचारलं, "पाहिलंस का गं तू त्याला जाताना?"

"आई, तुला त्यातलं कळत नाही. डेटा आहे तो."

"मी ते विचारलं नाही."

त्यानंतर घरात आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी तिच्याशी तेवढंही नाही.

मग एक मोठं गिऱ्हाईक प्लांट बघायला येणार असं ठरलं. त्या दिवशी मॅनेजर स्वतः सकाळच्या पाळीला रिॲक्टरपाशी उभा राहिला, पाहुण्यांना घेऊन, दहापासून दोनपर्यंत. नव्या ऑपरेटरला त्याने बजावून ठेवलं होतं की आज तापमान अगदी पुस्तकात लिहिलंय तसं ठेवायचं, एकोणऐंशी ते ऐंशी, वर जाऊ द्यायचं नाही. एरवी बहुतेक ऑपरेटर ते त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीवर न्यायचे, माल लवकर व्हायचा. पाहुणे जाताना म्हणाले, आजचाच ग्राफ पाठवून द्या.

दुसऱ्या दिवशी मी ग्राफ काढला. पावणेअकराला रेघ संपली होती.

मॅनेजर स्वतः चालत माझ्या खोलीत आला. बूट न काढता. "हे काय आहे?"

"रेकॉर्डिंग थांबलंय."

"कसं थांबेल? मी स्वतः उभा होतो तिथे! मीटरवर आकडे बदलताना पाहुण्यांनी बघितलेत!"

त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि मला माझा तो तक्ता आठवला. तो बोलतच होता. शेवटी म्हणाला, "ते काही नाही. पुढची रेघ तुम्ही काढा. ऐंशीवर सरळ ओढून द्या. कोण विचारतंय?" आणि गेला.

मी दार लावून घेतलं. मग जी गोष्ट मला पहिल्या तुटलेल्या ग्राफच्या दिवशी करायला हवी होती, जी करायला अर्धं मिनिट लागतं, ती केली. फ्लॉपी घातली आणि फाइल किती मोठी आहे ते बघितलं. आठ तास म्हणजे चारशे ऐंशी मिनिटं, दर मिनिटाला दोन बाइट, म्हणजे नऊशे साठ. स्क्रीनवर नऊशे साठच आले. फाइल पूर्ण होती. नोंद कुठेही थांबली नव्हती. माझा प्रोग्रॅमच मध्ये वाचायचा थांबत होता.

मी जुन्या फ्लॉप्या काढल्या. अकराच्या अकरा. नऊशे साठ, नऊशे साठ, नऊशे साठ. मी तो आकडा इतक्या वेळा बघितला की शेवटी मला तो वाचताच येईना. मग फाइलमधले सुटे बाइट दाखवणारं एक साधन डॉसमध्ये असतं ते उघडलं आणि रेघ जिथे तुटते तिथलं घर शोधलं. तीन, सव्वीस. दुसरी फाइल. तीन, सव्वीस. तिसरी. तीन, सव्वीस. दोन फाइलींत दोन, सव्वीस होतं. पण सव्वीस प्रत्येकीत. जिथे सव्वीस आला तिथे माझा प्रोग्रॅम फाइल मिटून बाहेर पडत होता.

तीन गुणिले दोनशे छप्पन्न अधिक सव्वीस म्हणजे सातशे चौऱ्याण्णव. एकोणऐंशी पॉइंट चार अंश.

जो तापमान चौऱ्याऐंशीवर ढकलायचा त्याचा काटा एकोणऐंशी पॉइंट चारवर क्वचितच थांबायचा, वर जाताना ओलांडून जायचा. जो पुस्तकाप्रमाणे एकोणऐंशी आणि ऐंशीच्या मध्ये तासन्‌तास धरून ठेवायचा त्याला हा आकडा कधी ना कधी लागणारच. माझ्या तक्त्यातला तो माणूस प्लांटमधला सगळ्यात नेकीने काम करणारा ऑपरेटर होता. नऊ वेळा.

सव्वीसच का, हे मात्र मला कळेना. आणि ठरवलेलं मोडून मी मोठ्या मशीनच्या खोलीत त्याच्याकडे गेले. तो डबा खात होता.

"साहेब, सव्वीस म्हणजे काय?"

त्याने सावकाश घास संपवला. "सापडलं वाटतं." मग पेल्यातून पाणी प्यायला. "तुमच्या डॉसमध्ये सव्वीस ही मजकूर संपल्याची खूण आहे. पत्र, निबंध, असलं काही वाचायचं असेल तर. युनिक्समध्ये असली खूण नाही, इथे फाइल म्हणजे फाइल. तुम्ही आकड्यांची फाइल पत्र समजून उघडलीत. मग सव्वीस आला की डब्याला वाटणारच, संपलं."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिला ग्राफ तुटला तेव्हाच अंदाज आला."

"एक माणूस दोन महिने घरी बसलाय!"

"तो तुमच्या यादीमुळे बसलाय. मी यादी केलेली नाही." त्याने डब्याचं झाकण लावलं. "मी सांगितलं होतं, डब्यात बघा."

त्याला माझा राग होता हे मी समजू शकते. त्याच्या मशीनचे दिवस भरत आले होते आणि माझ्यासारखी कोणीतरी शंभर पीसी घेऊन येणार हे त्याला दिसत होतं. पण त्या ऑपरेटरने त्याचं काय वाकडं केलं होतं? दोघं एकाच काचेच्या दोन बाजूंना इतकी वर्षं काम करत होते. मी हे त्याला विचारलं नाही. मी विचारण्याच्या जागेवर नव्हते आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मी फक्त म्हणाले, "तुम्ही हलकट आहात." आयुष्यात मोठ्या माणसाला मी असं एकदाच बोलले. त्याने डबा पिशवीत ठेवला.

प्रोग्रॅममधली दुरुस्ती एका अक्षराची होती. फाइल उघडायच्या ओळीत एक 'बी' घालायचा, म्हणजे पीसीला कळतं की हा मजकूर नाही, आहे तसं शेवटपर्यंत वाच. ते मी बसलेसुद्धा नाही, उभ्यानेच केलं. मग बाराही ग्राफ काढले, पाहुण्यांच्या दिवसाचा धरून. एकही तुटला नाही. त्या ऑपरेटरच्या नऊ ग्राफांवरची रेघ बघून मला तिथे बसवेना.

बारा प्रिंट घेऊन मी मॅनेजरकडे गेले. त्याने पाहुण्यांचा ग्राफ बघितला, खूश झाला, तो काढून घेतला आणि बाकीचे न बघता माझ्याकडे सरकवले.

"सर, हे बघा ना. ते कुठे गेलेच नव्हते. चूक माझ्या प्रोग्रॅमची होती."

"जुनं उकरून काढू नका."

"पण सर, त्यांना परत घ्यायला—"

"तक्त्यावर सही कोणाची आहे?"

"माझी."

"मग? मी तुमच्या रिपोर्टवर कारवाई केली. आता रिपोर्ट खोटा म्हणताय? चौकशीत कॉम्प्युटरवाल्या म्हणून तुमचंच नाव आहे." तो खुर्चीत मागे रेलला. "तुमचं प्रोबेशन कधी संपतंय?"

"पुढच्या महिन्यात."

"जा. काम करा."

पुढच्या रविवारी दुपारी मी त्या ऑपरेटरच्या गावात गेले. अकरा प्रिंट एका फायलीत घालून. वसाहतीच्या मागून रस्ता होता, मी तोपर्यंत कधी त्या बाजूला गेले नव्हते. घर विचारलं तर एका बाईने हात न उचलता हनुवटीने दाखवलं; मी कोण ते तिथे सगळ्यांना माहीत असावं. तो ओट्यावर बसला होता. मी पायरीखाली उभी राहिले. त्याने बस म्हटलं नाही.

मी सगळं सांगितलं. सव्वीसचं, डॉसचं, एका अक्षराचं. मध्येच मला वाटलं हे याला कसं कळणार, म्हणून मी सोपं करायला गेले तर तो म्हणाला, "कळतंय. फुडं बोला." मी प्रिंट दिले. त्याने एकेक कागद मांडीवर घेतला आणि माझ्यापेक्षा नीट वाचला. एका ग्राफवर बोट ठेवलं, जिथे रेघ जराशी खाली गेली होती.

"हितं स्टीम गेलेली. धा मिनिटं. माज्या बुकात हाय." बोट तसंच ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं. "बुक समोरच व्हतं ना तुमच्या? ही रेघ नि माजं बुक, कवा लावून बगितलं?"

मी नाही म्हणाले.

दारातून त्याची बायको बघत होती. उन्हातून चालत आलेल्या माणसाला आपल्याकडे पाणी विचारतात. मला कोणी विचारलं नाही. ती म्हणाली, "रडायचं आसंल तर रस्त्यावर जाऊन रड. माज्या दारात नको." मी रडत नव्हते, पण त्या बेतात असेन.

"सही करा," तो म्हणाला.

"कशावर?"

"सगळ्यावर. चूक तुमच्या कॉम्पुटरवाल्या कामाची, आसं लिवा नि सही करा. यादीवर केलेली ना?"

मी थांबले. हे मला लिहायलाच हवं की मी थांबले. प्रोबेशन, घर, आई, ठाण्याच्या क्लासची फी, सगळं डोळ्यासमोर आलं. तो नुसता वाट बघत होता, आणि त्या नजरेत माझ्याबद्दल कसलीही आशा नव्हती. मग मी पायरीवर फाइल ठेवून, वाकून, अकरा कागदांवर अकरा वेळा लिहिलं: "रेकॉर्डिंग थांबले नव्हते. माझ्या प्रोग्रॅमच्या चुकीमुळे ग्राफ अपुरा छापला गेला." आणि सही. त्याने कागद मोजून घेतले. मी म्हणाले, "मला माफ करा." तो म्हणाला, "जा आता."

कागद युनियनकडे गेले. मला मॅनेजरने पुन्हा बोलावलं नाही. महिन्याअखेरीला प्रोबेशन संपलं आणि कायम करण्याऐवजी एका ओळीचं पत्र मिळालं की आपल्या सेवेची आवश्यकता नाही. मी टेबलाचा खण रिकामा करत असताना मोठ्या मशीनवाला काचेआडून बघत होता. निघताना पीसीवरचा कव्हरचा कपडा मी मुद्दाम जमिनीवर टाकला. बालिशपणा होता, पण करून बरं वाटलं.

ऑपरेटरला परत घेतलं, त्यानंतर अडीच महिन्यांनी. रिॲक्टरवर नाही, पॅकिंगमध्ये, ड्रमवर लेबलं लावायला. तीन नंबरच्या व्हॉल्व्हबद्दल लिहायला त्याच्या हातात लॉगबुक राहिलं नाही, म्हणजे मॅनेजरचं काम झालंच. मी तोवर ठाण्यात दुसऱ्या नोकरीला लागले होते. युनियनचा सेक्रेटरी एकदा स्टेशनबाहेर भेटला तेव्हा त्याने मला हुकुमाची प्रत दाखवली, मला बरं वाटावं म्हणून. त्यात लिहिलं होतं: "कॉम्प्युटरमधील तांत्रिक बिघाडामुळे झालेल्या गैरसमजातून."

मी ती ओळ दोनदा वाचली. मॅनेजरचं नाव नाही, काचेआडच्या माणसाचं नाही, माझंही नाही. कसला बिघाड? दोन्ही मशीनं त्या सगळ्या महिन्यांत एकदाही बिघडली नव्हती.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" सेक्रेटरी म्हणाला.

"नाही," मी म्हणाले आणि कागद त्याच्या हातात परत दिला.